कोळशाआधी पाणी निघतं

चंद्रपूरहून निघालेली 500 किलोव्होल्टची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची) वाहिनी सुमारे 750 किलोमीटर येऊन भिवंडी तालुक्यात पडघ्याला संपते. क्षमता 1500 मेगावॉट, 1999 पासून चालू. ठाण्यातला एखादा दिवा नेमका कुठल्या कोळशावर लागला हे कुणालाच सांगता येत नाही. ग्रिडमध्ये शिरलेल्या विजेला गाव राहत नाही. ही वाहिनी टाकली ती मात्र सरळ हिशेबाने: कोळसा विदर्भात, खप इकडे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं, आणि त्याच्या आसपास घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, वणी असा वेस्टर्न कोलफील्ड्सचा खाणपट्टा.

या पट्ट्यातल्या धुराबद्दल, राखेबद्दल, धुळीबद्दल पुष्कळ बोललं जातं. पाण्याचा विषय मात्र ‘खाणीमुळे पाणी दूषित होतं’ एवढ्यावर आटोपतो, आणि ते अर्धंच खरं आहे. पाणी बिघडणं ही नंतरची गोष्ट. आधी पाणी उपसावं लागतं. त्याशिवाय कोळशाला हात लागत नाही, आणि कोळशात अडकलेला वायू तर सुटतच नाही. भूजलाची पातळी उतरणं हा अपघात नसतो. ती कामाची पहिली पायरी असते, तिच्यासाठी किती अश्वशक्तीचे पंप लागतील हे प्रकल्प मंजूर होण्याआधीच कागदावर मांडलेलं असतं. कागदावर नसते ती शेजारच्या शिवारातल्या विहिरींची पातळी, खाण सुरू होण्याआधीची. सगळं भांडण पुढे तिथेच अडतं.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजायला थोडं अवघड जातं, कारण आपल्या पायाखालचा खडक वेगळ्या जातीचा आहे. इथे काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट. त्यात पाणी मुरतं ते वरच्या मुरमात, दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातीलगतच्या सच्छिद्र पट्ट्यात आणि भेगांत. घट्ट खडक कोरडा. म्हणून घोडबंदर रोडवर एका सोसायटीची बोअर भरभरून चालते आणि कुंपणापलीकडची धूळ ओकते. भूजल म्हणजे नशिबाचा भाग, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे ती या खडकामुळे.

चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात, म्हणजे वर्धा खोऱ्यात, कोळसा आहे तो बराकार नावाच्या थरांत, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर कामठीचा वालुकाश्म आहे. वालुकाश्मात पाणी भेगांबरोबरच दाण्यांच्या मधल्या पोकळ्यांतही असतं, त्यामुळे ते सलग असतं. एका गावची पातळी दुसऱ्या गावच्या पातळीला बांधलेली. तिथे एका जागी खोल उपसा सुरू झाला की खेच लांबवर जाते. ठाण्यातला अनुभव घेऊन ‘एवढ्या लांबची विहीर कशी काय आटेल’ असा प्रश्न विचारणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो आपल्या खडकाबद्दल बोलत असतो.

खुल्या खाणीत होतं ते असं. आधी वरची माती आणि खडक काढतात, त्याला तिकडे सगळे ओबी म्हणतात आणि त्याचे डोंगर खाणीच्या कडेला उभे राहतात. खड्ड्याभोवती चर खणून पावसाचं वाहतं पाणी बाहेरच्या बाहेर वळवायचं. तरी जे आत पडतं आणि जे बाजूच्या भिंतींतून पाझरतं, ते उतारावरून सगळ्यांत खोल कोपऱ्यातल्या संपमध्ये, म्हणजे पाणी साठवायच्या खड्ड्यात, जमा होतं. तिथे तराफ्यावर पंप, आणि वर सेटलिंग टँक. टाकीत गाळ बसला की पाणी धुळीवर मारायला, झाडांना, राहिलेलं नाल्यात.

आता यात एक हिशेब नीट करायला हवा, कारण दोन्ही बाजूंचे लोक तो सोयीने करतात. एक चौरस किलोमीटरचा खड्डा आणि वर्षाला 1200 मिलिमीटर पाऊस, म्हणजे खड्ड्याच्या तोंडात थेट पडलेलं पाणीच 12 लाख घनमीटर. तेवढ्याच क्षेत्राखालचं भूजल 10 मीटर उतरलं, आणि वालुकाश्म दर घनमीटरमागे 30 लिटर पाणी सोडतो असं धरलं, तर निघतं 3 लाख घनमीटर. म्हणजे पावसाळ्यात खाणीच्या पाइपातून धो धो वाहणारं पाणी बहुतेक पावसाचं असतं. त्याकडे बोट दाखवून ‘बघा आमचं भूजल चाललं’ म्हणणं चूक, आणि ‘आम्ही पावसाचंच पाणी फेकतो’ असं म्हणून विषय मिटवणंही चूक. खरी कसोटी उन्हाळ्यातली. एप्रिल-मे महिन्यात, शेवटच्या पावसाला पाच-सहा महिने झालेले असताना पंप दिवसाला किती तास चालतो, ते पाणी खडकातलं. वीजबिल आणि पंपाचं लॉगबुक एवढ्यावर हे कळू शकतं.

त्या 3 लाख घनमीटरच्या आकड्यातही एक गोम आहे. तो लागू पडतो वरच्या मोकळ्या जलधराला (पाणी धरणाऱ्या थराला), जिथे पातळी उतरते म्हणजे खडक खरोखर रिकामा होतो. कोळशाच्या वर आणि खाली असणारे वालुकाश्माचे थर पुष्कळदा चिकणखडकाच्या दोन पट्ट्यांत दाबलेले असतात आणि त्यातलं पाणी दाबाखाली असतं. बोअर मारली की ते आपोआप वर चढून येतं. अशा जलधराचा साठवण गुणांक, म्हणजे पातळी एक मीटर उतरली तर एका चौरस मीटरखालून किती घनमीटर पाणी निघतं तो आकडा, 0.0001 च्या आसपास असू शकतो. म्हणजे एक चौरस किलोमीटरवर दाब 10 मीटरने उतरायला फक्त 1000 घनमीटर पाणी काढावं लागतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. घोडबंदरच्या एखाद्या मोठ्या संकुलात एवढं पाणी उन्हाळ्यात काही दिवसांत उतरतं. तिकडे त्याच पाण्यात एका चौरस किलोमीटरमधल्या साऱ्या खोल बोअरची पातळी 10 मीटर खाली जाते, आणि ज्याने पंप वरच्या पाण्यावर बसवला होता त्याचा पंप हवा ओढू लागतो. थोडा उपसा, मोठी घसरण. खाणीवाल्याचा आकडा खरा असतो आणि शेतकऱ्याची तक्रारही.

खाणीचा परिणाम किती लांब जाईल हे काढायला एक सूत्र चालतं, सिखार्ट नावाच्या जर्मन अभियंत्याचं: अंतर बरोबर 3000 गुणिले पातळीतली घट गुणिले पारगम्यतेचं (खडकातून पाणी किती सहज वाहतं त्या मापाचं) वर्गमूळ. घट 60 मीटर आणि पारगम्यता सेकंदाला एक लाखांश मीटर धरली तर उत्तर येतं 570 मीटर. छान, आटोपशीर आकडा. पण या सूत्रात वेळ कुठेच नाही, साठवण गुणांक नाही, वरून मुरणारं पाणी नाही. इमारतीच्या पायासाठी काही आठवडे पाणी हटवायचं तेवढ्यापुरतं ते अंदाजाला ठीक. वीस-पंचवीस वर्षं चालणाऱ्या खाणीचं वर्तुळ वर्षागणिक पसरत जातं, ते वरून मुरणारं पाणी आणि उपसा यांचा मेळ बसेपर्यंत. आणि वर्तुळ म्हणायचं ते फक्त बोलण्यापुरतं. मध्ये प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याची रेषा) असेल तर एका बाजूला खेच अडते, दुसऱ्या बाजूला दुप्पट जाते. पर्यावरण अहवालात प्रभावक्षेत्राचं नकाशावर कंपासने काढलेलं गोल वर्तुळ दिसलं, तर तो अहवाल सावधपणे वाचावा.

भूमिगत खाणीत प्रकार निराळा. तिथे कोळशाचे खांब ठेवून कोळसा काढतात आणि शेवटी पुष्कळ ठिकाणी खांबही काढून घेतात. मग छत कोसळतं. कोसळलेल्या भागाच्या वर खडकाला भेगा पडत जातात. कोळशाच्या थराच्या जाडीच्या कितीतरी पट उंचीपर्यंत त्या पोचतात. त्या भेगा वरच्या जलधराला भिडल्या की वरचं पाणी खाणीत उतरायला वाट मिळते. गावातल्या विहिरी एखाद्या पावसाळ्यानंतरही भरत नाहीत, तेव्हा पाऊस भरपूर झालेला असतो, फक्त तळ गळका झालेला असतो.

आणि हे पंप बंद ठेवता येत नाहीत. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामातलं पाणी आत घुसलं आणि 375 माणसं गेली. जुन्या पाणथळ खोदकामापासून 60 मीटर अंतर राखायचा नियम आहे तो उगाच नाही. खाणीतल्या पंपांचं काम पाण्याच्या राजकारणाआधी माणसांच्या जिवाचं आहे, हे विसरून ‘पंप बंद करा’ अशी मागणी करण्यात अर्थ नाही.

खाण बंद झाल्यावर काय, याबद्दल फार थोडं लिहिलं जातं. पंप थांबले की पाणी परत चढायला लागतं. चढायला काही वर्षं लागतात. या काळात उघड्या पडलेल्या खडकावर जमलेले सगळे क्षार पहिल्या पाण्यात विरघळतात, त्यामुळे खाणीत भरणारं पहिलं पाणी सर्वांत वाईट असतं, पुढे हळूहळू सुधारतं. खुल्या खाणीचा तलाव होतो. तो दिसायला सुंदर, पण विदर्भाच्या उन्हात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी वाफेने उडतं आणि आभाळातून येतं सव्वा मीटर. भोवतालचे ओहोळ तलावात वळवले नाहीत तर फरकाचं पाणी तो तलाव आजूबाजूच्या खडकातून ओढत राहतो. म्हणजे कोळसा संपला, कामगार गेले, तरी उपसा चालूच. फक्त आता पंपाऐवजी सूर्य उपसतो.

पाणी बिघडण्याची गोष्ट मुख्यतः एका खनिजाची आहे: पायराइट, लोखंड आणि गंधक. जमिनीखाली पाण्यात बुडालेलं असेपर्यंत ते गप्प असतं. पातळी उतरली, हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं. एक किलो पायराइट पूर्ण कुजला तर सुमारे 1.6 किलो आम्ल. मेघालयातल्या कोळशात गंधक भरपूर, म्हणून तिथल्या खाणींखालचे ओढे आम्लधर्मी आणि तांबूस. वर्धा खोऱ्यासकट भारतातला बहुतेक गोंडवना कोळसा कमी गंधकाचा आहे, आणि खडकात चुना असतो. तो आम्ल मारतो. त्यामुळे इथल्या खाणीच्या पाण्याचा पीएच बहुधा सात-आठच्या घरात येतो आणि अहवालात ‘सामान्य’ असा शेरा पडतो. तेवढा शेरा पुरेसा नाही. आम्ल मरताना चुना विरघळतो, पाणी जड होतं, सल्फेट वाढतो. पीएच तसाच राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 400. फक्त पीएच मोजणाऱ्याला ही चढण दिसणारच नाही.

फ्लोराइडचं उलट आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत काही भागांतल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि ते खडकातूनच येतं. खाण नसलेल्या गावांतही सापडतं. दातांवरचे डाग दाखवून खाणीवर खापर फोडलं की समोरचा माणूस भूगर्भशास्त्राचा एक कागद पुढे करतो आणि बाकीच्या खऱ्या तक्रारीही त्याबरोबर वाहून जातात.

आता वायू. ठाण्या-नवी मुंबईच्या स्वयंपाकघरात पाइपाने येणारा वायू प्रामुख्याने समुद्राखालच्या खडकांतला किंवा जहाजाने द्रवरूपात आलेला. त्यासाठी कुणाची विहीर आटलेली नाही. पण देशात कोळशाच्या थरांतून थेट मिथेन काढणं सुरू होऊन बरीच वर्षं झाली. धोरण 1997 चं. पश्चिम बंगालच्या राणीगंज भागात 2007 पासून व्यापारी उत्पादन, मध्य प्रदेशात शहडोलजवळ सोहागपूरला 2017 पासून.

कोळशाच्या अंगाला बारीक चिरा असतात, त्या पाण्याने भरलेल्या. मिथेन कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून असतो आणि पाण्याचा दाब त्याला तिथेच धरून ठेवतो. थर 500 मीटर खोल असेल आणि पाणी जमिनीजवळपर्यंत असेल तर दाब साधारण 50 वातावरणांचा. तो उतरवल्याशिवाय वायू सुटत नाही. म्हणून बोअर मारायची, पोलादी केसिंग (बोअरच्या भिंतीलगतची नळी) उतरवायची, केसिंग आणि खडक यांच्यामधल्या जागेत सिमेंट भरायचं, कोळशाच्या समोर केसिंगला भोकं पाडायची, गरजेनुसार पाणी आणि वाळू दाबाने घुसवून चिरा रुंद करायच्या, आणि मग पंप लावून नुसतं पाणी काढत राहायचं. काही आठवडे, काही महिने, कधी त्याहून जास्त. पाण्याची धार कमी होत जाते आणि वायूची वाढत जाते.

या पाण्याची जात खाणीच्या पाण्याच्या अगदी विरुद्ध. सल्फेट जवळजवळ नसतो, कारण सल्फेट संपल्यावरच मिथेन तयार करणारे जीवाणू कामाला लागतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी. सोडियम आणि बायकार्बोनेट मात्र भरपूर. चव फार वाईट नसते, दिसायला स्वच्छ, आणि म्हणूनच ते शेताला देण्याचा मोह होतो. एक उदाहरण घ्या: सोडियम लिटरला 460 मिलिग्रॅम, म्हणजे विद्युतभाराच्या हिशेबाने 20 मिलिइक्विव्हॅलंट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून 1. त्या एकाच्या निम्म्याचं वर्गमूळ 0.7, त्याने 20 ला भागलं की सोडियम शोषण गुणोत्तर 28. सव्वीसच्या वर गेलेलं पाणी सिंचनाला अतिधोकादायक वर्गात मोडतं. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर मात्र याच पाण्याला 2000 च्या आत दाखवतो. असं पाणी काळ्या जमिनीला दोन-चार हंगाम दिलं की मातीतले चिकण कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात, पावसाचं पाणी मुरत नाही, उन्हात ढेकूळ दगडासारखं कडक. जिप्सम टाकून जमीन परत आणता येते, पण तिला पैसा आणि वर्षं दोन्ही लागतात.

दुसरी भीती वायू विहिरीत शिरण्याची. यात भेगा पाडण्याच्या कामाला जितका दोष दिला जातो तितका तो सहसा नसतो. खोल थर आणि वरचं गोडं पाणी यांच्यात शेकडो मीटर खडक असेल तर त्या भेगा वरपर्यंत येत नाहीत. गळतं ते सिमेंट. केसिंग बोअरच्या मधोमध नसेल तर एका बाजूला सिमेंट जाड आणि दुसऱ्या बाजूला चिखलाचा पट्टा राहतो. बोअरमधला ड्रिलिंगचा चिखल नीट धुतला नसेल तर तोच पट्टा वायूची शिडी होतो. सिमेंट धरत असतानाच खालून वायू शिरला तर त्याच्या अंगात बारीक नळ्या राहतात. सिमेंट खडकाला आणि पोलादाला चिकटलं की नाही हे ध्वनिलहरींनी तपासता येतं आणि ती तपासणी प्रत्येक बोअरची मागता येते. शिवाय कोळशाच्या शोधासाठी पूर्वी मारलेल्या, नीट सिमेंटने न बुजवलेल्या बोअर असतातच. त्या तर सरळ जिने.

साध्या दाबाला लिटरभर पाण्यात 28 मिलिग्रॅमच्या आसपास मिथेन विरघळतो. दाबाखाली कितीतरी जास्त. पाणी वर आलं की जादाचा वायू सुटतो आणि बंद पंपघरात साठतो. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असेल तर ठिणगी पुरे. घरातल्या गॅसला वास येतो तो मुद्दाम मिसळलेला. विहिरीतल्या मिथेनला कसलाच वास नसतो.

हे सगळं माहीत असून भांडणं का सुटत नाहीत? खाणीच्या हद्दीत आलेल्या विहिरीची जमिनीबरोबर मोजदाद होते. हद्दीबाहेरच्या विहिरीचं पाणी गेलं तर मालकाने सिद्ध करायचं की ते आधी होतं. किती होतं, कुठल्या महिन्यात, किती खोलीवर? त्याच्याकडे आठवण असते, नोंद नसते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या कायद्याने कोळसावायूच्या भागात यावर एक व्यावहारिक तोडगा काढला आहे. कंपनीने आधी आसपासच्या बोअरची मूळ स्थिती मोजायची. उपशामुळे घट्ट खडकातल्या जलधराची पातळी 5 मीटरपेक्षा, किंवा सुट्या गाळाच्या जलधराची 2 मीटरपेक्षा जास्त उतरेल असं दिसलं की बोअरमालकाशी भरपाईचा करार करायचा: बोअर खोल करून देणं, नवी देणं, पाणी पुरवणं किंवा पैसे. अमेरिकेत पेनसिल्व्हानियाने 2012 च्या कायद्यात वेगळी मेख मारली. शेल वायूच्या बोअरपासून 2500 फुटांच्या आत एखाद्याचं पाणी वर्षभरात बिघडलं तर दोष कंपनीचाच धरायचा. सुटायचा एक मार्ग म्हणजे, पाणी आधीपासून खराब होतं हे आधीच्या तपासणीने कंपनीने दाखवायचं. परिणाम असा की कंपन्या स्वतःच्या खर्चाने आधी विहिरी तपासत सुटल्या. पुराव्याचं ओझं ज्याच्या डोक्यावर ठेवाल तो मोजमाप करतो.

आपल्याकडे केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाणींना भूजल उपशासाठी ना-हरकत दाखला लागतो आणि पातळी मोजायला पिझोमीटर बसवावे लागतात. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा, जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या सुमारास, पातळ्या घेतं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्याही निरीक्षण विहिरी आहेत. पण ही जाळी जिल्हा समजून घ्यायला विणलेली आहे, एका शेतकऱ्याच्या एका विहिरीचा न्याय करायला नाही. ती विहीर मालकालाच मोजावी लागते.

आणि इथे ठाणे-नवी मुंबईचा संबंध पुन्हा येतो, विजेच्या तारेशिवाय. पारसिकच्या डोंगराला लागून दगडखाणींनी पोखरलेले खड्डे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत प्रत्येक टॉवरखाली दोन-तीन मजली बेसमेंट. कुंपणाच्या पत्र्याखालून काळा पाइप येतो आणि गटारात अखंड पाणी सोडत राहतो. काम तेच, आकार लहान. शेजारच्या सोसायटीची बोअर आटली की दोष लगेच त्या पाइपाला. माझ्या मते निम्म्या वेळा तो चुकीचा असतो. बेसमेंट खणतात आठ-दहा मीटर, म्हणजे मुरमातलं पाणी जातं. त्याचा फटका बसतो बाळकुम, कावेसर, घणसोली, करावे अशा गावठाणांतल्या जुन्या, उथळ बांधीव विहिरींना. सोसायटीची बोअर पन्नास-साठ मीटरवरच्या भेगेतून पाणी घेत असेल तर तिला खरा धोका भोवतालच्या इतर बोअरचा. खाडीलगत, ऐरोली-कोपरखैरणेच्या बाजूला, आणखी एक भर: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर तत्त्वतः खाली चाळीस मीटर गोडं पाणी टिकतं, आणि वरचं एक मीटर काढलं की खारं तितकंच वर सरकायला मोकळं. बेसाल्टच्या भेगांत हा हिशेब इतका सरळ चालत नाही, पण दिशा तीच.

कोण दोषी हे पाणी बऱ्यापैकी सांगतं. क्लोराइड आणि विद्युतवाहकता (क्षार वाढले की ही वाढते) जोडीने चढली तर खाडी. नायट्रेट चढला तर मलवाहिनी. सल्फेट आणि जडपणा जोडीने चढले तर, तिकडे वर्धा खोऱ्यात, ओबीचा ढिगारा किंवा खाण. सल्फेट नाही पण सोडियम-बायकार्बोनेट वाढलं तर कोळशाच्या थरातलं पाणी. पण ‘चढलं’ म्हणायला आधीचा आकडा हवा.

तो मिळवायला यंत्रणा लागत नाही. सोसायटीच्या बहुतेक बोअरमध्ये टेप सोडायला जागाच ठेवलेली नसते. टेप केबलमध्ये अडकतो. पुढच्या वेळी पंप बाहेर काढाल तेव्हा रायझरच्या (पाणी वर आणणाऱ्या पाइपाच्या) कडेने एक इंची पीव्हीसी पाइप पंपाच्या थोडं वरपर्यंत सोडून घ्या, खालच्या टोकाला भोकं पाडून. मोजताना पंप निदान दहा-बारा तास बंद हवा, म्हणजे पहाटेच्या पाणी चढवण्याच्या वेळेआधी. मोजायचं नेहमी एकाच खुणेपासून, केसिंगच्या कडेवर रंगाने केलेल्या; सोसायटीने नंतर भराव टाकून आवार उंच केलं तर खुणेची उंचीही लिहायची, नाहीतर पातळी उगाच अर्धा मीटर ‘उतरते’. मेअखेर आणि नोव्हेंबर हे दोन आकडे किमान. त्यासोबत पंपाचे तास आणि विद्युतवाहकता. नमुना घेण्याआधी पंप इतका वेळ चालवायचा की बोअरमधलं शिळं पाणी निघून जाईल. बाटली काठोकाठ भरायची. लोखंड-मँगनीज तपासायचं असेल तर वेगळी बाटली, पाणी गाळून आणि नायट्रिक आम्ल घालून, कारण लोखंड वाटेतच तळाशी बसतं आणि प्रयोगशाळा ते ‘नाही’ म्हणून कळवते. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची. शेजारी काम सुरू होणार असेल तर त्या दिवशीच्या मोजमापावर बिल्डरच्या अभियंत्याची सही घ्यावी. तो सहसा देतो, कारण त्या वेळी त्याला त्यात काही धोका दिसत नसतो.

मात्र हे पाइपातून पहिलं पाणी पडायच्या आत. पंप सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी घेतलेली नोंद आधीच उतरलेल्या पातळीची असते, आणि पुढे सुनावणीत ती ‘मूळ पातळी’ म्हणून समोरचा वकीलच वाचून दाखवतो.